१६० आणि ८० मीटरसाठी लूप: गच्चीवरची बांधणी आणि ट्यूनिंग

१६० आणि ८० मीटरच्या रेडिओ बँडवर ऐकताना अँटेनाची लांब तार काढून लूप (वायरच्या वेढ्यांची अँटेना) लावला की एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा, काटा खाली येतो. बरेच जण तिथेच हिरमुसतात आणि लूप माळ्यावर टाकून देतात. काटा खाली येणारच. १६० मीटरवर बाहेरून येणारा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या आवाजापेक्षा इतका मोठा असतो की तार सिग्नल जितका वाढवते तितकीच खरखरही वाढवते. कानाला उपयोग होतो तो या दोघांमधल्या फरकाचा. लूप ट्यून करताना म्हणून दोनच गोष्टींकडे बघायचं: मीडियम वेव्हच्या दणकट स्टेशनांपासून रिसीव्हरचा बचाव होतोय का, आणि लूप फिरवल्यावर एखाद्या दिशेचा आवाज खरोखर बुडतोय का. त्या बुडण्याला हॅम मंडळी (हौशी रेडिओवाले) ‘नल’ म्हणतात. सोलापुरात पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्लीत असा किंवा होटगी रोडच्या एखाद्या नव्या सोसायटीत, नल खोल असेल तर लूप कामाचा.

आपल्याकडे १६० मीटरवर १८२० ते १८६० किलोहर्ट्झ आणि ८० मीटरवर ३५०० ते ३७०० व ३८९० ते ३९०० किलोहर्ट्झ हे पट्टे हौशी रेडिओसाठी आहेत. खालचा लूप या दोन्ही बँडवर फक्त ऐकण्यासाठी आहे. त्यात प्रसारणाचे १० वॉट सोडले तर गँगच्या (फिरवून क्षमता बदलता येणाऱ्या कपॅसिटरच्या) पात्यांवर सहाशे व्होल्टच्या वर ताण येतो आणि १६० मीटरवर हवेत जेमतेम दोन मिलिवॉट जातात. प्रसारणाला उलटी-व्ही किंवा जी काही तार असेल ती राहू द्या. रिग (रेडिओ संच) ट्रान्समिटवर जाताना लूपची लाइन तुटेल असा रिले मात्र हवा, नाहीतर जवळच्या तारेतून लूपमध्ये शिरणारी ताकद रिसीव्हरचं पुढचं टोक जाळू शकते.

सांगाडा आणि तार

एक मीटर बाजूचा चौकोन, दोन वेढे, वेढ्यांमध्ये १० मिलिमीटर अंतर. घराच्या वायरिंगची अडीच चौरस एमएमची तांब्याची वायर साडेआठ मीटर लागते. या मापाचं इंडक्टन्स सुमारे १६ मायक्रोहेन्री येतं. एकाच वेढ्याचं ५ मायक्रोहेन्री भरतं आणि मग १६० मीटरसाठी १५०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटर लागतो, तेवढी गँग मिळत नाही. तीन वेढे घेतले तर १६० छान जमतं, पण ८० मीटरवर गँग पार उघडावी लागते आणि ट्यूनिंग अवघड होतं. दोन्ही बँड एकाच गँगवर हवे असतील तर दोन वेढेच बरे.

चौकोन टोकावर उभा ठेवायचा, पतंगासारखा. उभा दांडा आठ फुटी, आडवा १ मीटर ४२ सेंटिमीटर. चारही टोकांना ॲक्रेलिकची किंवा जाड प्लॅस्टिकची छोटी पट्टी लावून तिला १० मिलिमीटर अंतरावर दोन भोकं पाडली की वायर जागच्या जागी राहते. दांड्यासाठी वाळलेला बांबू किंवा लाकडी पट्टी घ्या. वायरिंगचा पातळ पीव्हीसी पाइप स्वस्त आणि हलका असतो खरा, पण सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर तो दुपारी वाकतो, वायर सैल पडते, वेढ्यांचं अंतर बदलतं आणि सकाळी केलेलं ट्यूनिंग संध्याकाळी सापडत नाही. पाइपच वापरायचा असेल तर जाड भिंतीचा घ्या आणि आत लाकडी काठी सरकवा.

लूपचं खालचं टोक स्लॅबपासून किमान एक मीटर वर हवं. आरसीसी स्लॅबमधल्या सळया लूपची ऊर्जा खातात आणि ट्यूनिंगही हलवतात. पत्र्याची शेड असेल तर तिच्यापासून निदान दोन मीटर दूर उभा करा. जुन्या माळवदाच्या घरांत हा त्रास नाही, तिथे लूप थोडा खाली असला तरी चालतो.

गँग

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतली हवेची दोन भागांची गँग सगळ्यात उत्तम. प्रत्येक भाग साधारण ३६५ ते ५०० पिकोफॅरडचा असतो. भंगारातून घेतलेली गँग आधी मल्टिमीटरवर तपासा: पूर्ण फिरवताना कुठेही पाती एकमेकांना टेकता कामा नयेत. धूळ बसलेली असेल तर मऊ ब्रशने झाडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, आणि रोटरला (फिरणाऱ्या पात्यांना) टेकणारी स्प्रिंगची पट्टी तर आवर्जून साफ करा. ट्यून करताना कर्र-कर्र आवाज येतो तो बहुतेक वेळा त्या पट्टीचाच. सोलापूरची धूळ लक्षात घेता गँग प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यातच बसवायची.

ट्रान्झिस्टरमधली पीव्हीसी गँग सहज मिळते आणि ऐकण्यापुरती चालते. तिची क्षमता मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून मोजून घ्या आणि १६० मीटरसाठी कमी पडेल तेवढा स्थिर कपॅसिटर समांतर जोडा. तो पॉलिस्टायरिन, पॉलिप्रोपिलिन, मायका किंवा एनपी-झिरो सिरॅमिकचा हवा. साधा तपकिरी डिस्क सिरॅमिक इथे वापरू नका. कपॅसिटरमध्ये एक टक्का बदल झाला की १६० मीटरवर ट्यूनिंग ९ किलोहर्ट्झने सरकतं, आणि उन्हात तापलेल्या डब्यात तो साधा डिस्क एका टक्क्यावर थांबत नाही.

आकडे असे. वायरची स्वतःची साठवण धरून १८२० किलोहर्ट्झला एकूण ४७४ पिकोफॅरड लागतात, १८६० ला ४५४. म्हणजे सगळा १६० मीटर बँड २० पिकोफॅरडमध्ये उरकतो. ८० मीटरवर ३५०० ला १२८ आणि ३७०० ला ११५. दोन्ही भाग समांतर जोडलेली ३६५ची गँग अर्ध्या फेऱ्यात सुमारे ७३० पिकोफॅरड बदलते, म्हणजे अंशाला सरासरी चार. १६० मीटरवर एक अंश म्हणजे ८ किलोहर्ट्झ, हाताला झेपण्यासारखं. ८० मीटरवर तोच एक अंश ६० किलोहर्ट्झचा होतो आणि नॉबला हात लागला की स्टेशन उडून जातं.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. एक, गँगच्या एका भागाला टॉगल स्विच लावा, ८० मीटरवर तो भाग तोडून टाका. दुसरा, २०-२५ पिकोफॅरडची छोटी गँग समांतर जोडून तिचा बारीक ट्यूनिंगसाठी वेगळा नॉब ठेवा. एफएम रेडिओच्या गँगचा छोटा भाग याला अगदी बरोबर बसतो. तिच्या एका अंशाला ८० मीटरवर दोनेक किलोहर्ट्झच सरकतं. जुन्या रेडिओचा डोरी-पुलीचा डायल हाताशी असेल तर तोही वापरा.

गँग खालच्या टोकाला बसवा, म्हणजे हात पोचतो. दोन्ही भाग समांतर असताना रोटर आणि त्याच्याबरोबर गँगची सगळी फ्रेम लूपच्या एका टोकाला येते. नॉब सरळ त्या दांड्यावर लावला तर हात जवळ नेताच ट्यूनिंग हलतं. दांडा आणि नॉब यांच्यामध्ये १०-१५ सेंटिमीटरची प्लॅस्टिकची काठी घाला. दोन्ही वेढ्यांची टोकं गँगपर्यंत सारख्या लांबीची ठेवा आणि डाग देताना घाई करू नका. इथे सुका डाग राहिला तर लूप वाजतो, पण मेल्यासारखा. या वेढ्यांचा रेझिस्टन्स १६० मीटरवर अर्धा ओहम आहे, त्यामुळे वाईट जोडाचा आणखी अर्धा ओहमसुद्धा जाणवतो.

कपलिंग लूप

सिग्नल बाहेर काढायला मोठ्या लूपच्या आत छोटा लूप लागतो, बाजू मोठ्याच्या एक पंचमांश, म्हणजे २० सेंटिमीटर. आरजी-५८ कोॲक्सचा (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलचा) ८० सेंटिमीटरचा वेढा करा. वेढ्याच्या बरोबर मध्यावर बाहेरची जाळी एक सेंटिमीटर कापून काढा, आतली तार मात्र अखंड ठेवा. वेढा जिथे परत येऊन मिळतो तिथे त्या टोकाची तार आणि जाळी एकत्र करून सुरुवातीच्या जाळीवर डाग द्या. जाळीचा काप झाकायला आधी टेप, वरून सिलिकॉन. तिथून पाणी शिरलं की कोॲक्स आतून हिरवं पडतं.

हा छोटा लूप वरच्या टोकाच्या आतल्या कोपऱ्यात, मोठ्या वायरला लागून बांधा आणि कोॲक्स उभ्या दांड्यावरूनच सरळ खाली आणा. बाजूला लोंबकळत आणलं तर लूपच्या एका अंगाला जास्त धातू येतो, तोल जातो आणि नल उथळ होतो. दांड्याच्या पायथ्याशी कोॲक्सवर चोक हवा, म्हणजे जाळीवरून येणारा गोंगाट अडवणारे रिंगवरचे वेढे. चांगल्या फेराइट रिंगवर १० ते १२ वेढे पुरतात. रिंग कसली आहे ते माहीत नसेल तर साध्या वायरचे १० वेढे देऊन इंडक्टन्स मोजा: ८५ मायक्रोहेन्रीच्या वर आलं तर १.८ मेगाहर्ट्झला हजार ओहमचा अडथळा मिळतो, रिंग ठेवा. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग या परीक्षेत हमखास नापास होते, ती लोखंडी पावडरीची असते. चोक नसला की कोॲक्सची जाळीच अँटेना होते आणि घरातल्या चार्जरांचा सगळा किलबिलाट वर घेऊन येते. मग लूप कितीही फिरवा, फरक शून्य.

ट्यून करणं

नॅनोव्हीएनए (अँटेना कुठे ट्यून झाली ते आलेखात दाखवणारं छोटं उपकरण) असेल तर लूपच्या जागी, म्हणजे कोॲक्सच्या टोकाला कॅलिब्रेट करा आणि १.५ ते ४ मेगाहर्ट्झ स्वीप लावा. गँग फिरवताना आलेखात खड्डा सरकताना दिसेल. पहिल्यांदा खड्डा दिसतच नाही, कारण तो अरुंद असतो आणि स्वीपच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये हरवतो. पल्ला कमी करा, २०० किलोहर्ट्झवर आणा. अशा लूपचा क्यू (ट्यूनिंग किती अरुंद आहे ते सांगणारा आकडा) २००च्या आसपास मिळतो, रिसीव्हर जोडल्यावर तो साधारण निम्मा होतो. म्हणजे १६० मीटरवर १८ किलोहर्ट्झची रुंदी आणि ८० वर ३६. खड्डा फार उथळ असेल तर छोटा लूप मोठ्या वायरच्या आणखी जवळ सरकवा. खड्डा आधी खोल होतो आणि नंतर पुन्हा उथळ व रुंद होऊ लागतो. ऐकण्यासाठी थोडा रुंदच बरा, बँडवर फिरताना सारखं उठून गँगला हात लावावा लागत नाही.

व्हीएनए नसला तरी अडत नाही. एसडीआर (कॉम्प्युटरवर चालणारा रिसीव्हर) असेल तर धबधबा पट्ट्यावर, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार ताकद दाखवणाऱ्या सरकत्या चित्रात, ५०० किलोहर्ट्झ दाखवा. कुठलंही स्टेशन नको. गँग फिरवली की पार्श्वभूमीच्या खरखरीत एक उजळ पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते, तोच लूपचा रेझोनन्स. ती पट्टी हव्या फ्रिक्वेन्सीवर आणून थांबवा. साध्या रिसीव्हरवर कानाने: रिसीव्हर १८४० वर ठेवून एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय) बंद करा आणि गँग सावकाश फिरवा, एका जागी खरखर एकदम फुलते आणि लगेच मिटते. ती जागा डायलवर पेन्सिलीने खूण करून ठेवा. प्रत्येक १० किलोहर्ट्झला एक खूण झाली की पुढे शोधाशोध नाही.

प्रीॲम्प्लिफायर (रिसीव्हरच्या आधी सिग्नल वाढवणारा भाग) लागतो का, हे ठरवायची सोपी रीत आहे. रात्री लूप ट्यून करून आवाजाची पातळी बघा, मग कोॲक्स काढून ५० ओहमचं लोड लावा. फरक ६ ते १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर प्रीॲम्प नको, तो फक्त गोंगाट मोठा करेल. फरक पडतच नसेल तर आधी जोडणी तपासा, प्रीॲम्प नंतर.

नल तपासायचा कसा

इथे सोलापूरची जागा कामी येते. लूपच्या गँगला २२०० पिकोफॅरडचा पॉलिप्रोपिलिन कपॅसिटर मगरीच्या चिमट्याने समांतर लावा, वर २२२ छापलेला असतो. लूप खाली सरकून साधारण ७३० ते ८३५ किलोहर्ट्झमध्ये येतो. त्या पट्ट्यात आकाशवाणीच्या मीडियम वेव्हची तीन ठिकाणं आहेत: पुणे ७९२, धारवाड ७६५ आणि हैदराबाद ७३८. गँग अनुक्रमे अंदाजे ३००, ४८० आणि ६८० पिकोफॅरडवर येते. कपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे असतो, त्यामुळे एखादं टोकाचं स्टेशन सुटलं तर लहानसा कपॅसिटर वाढवा किंवा कमी करा.

हे दिवसा करायचं, दुपारी. रात्री लहरी वरून, आयनोस्फियरवरून येतात आणि नल पुसट होतो, मग लूप चांगला असूनही वाईट वाटतो.

लूपची धार स्टेशनकडे असते तेव्हा आवाज जास्तीत जास्त, आणि लूपचं सपाट तोंड स्टेशनकडे वळवलं की नल. सोलापूरहून पुणे पश्चिम-वायव्येला, सुमारे २९४ अंशावर. हैदराबाद जवळजवळ सरळ पूर्वेला, ९६ अंशावर. धारवाड दक्षिण-नैर्ऋत्येला, २०२ अंशावर. पुण्याचा नल साधला की हैदराबादही सुमारे १० डेसिबलने दबलेलं सापडतं, कारण लूपचे दोन नल समोरासमोर असतात आणि ही दोन शहरं सोलापूरच्या दोन बाजूंना जवळपास एका रेषेत पडतात, १८ अंशांचा फरक सोडला तर. धारवाड मात्र या रेषेला जवळजवळ काटकोनात आहे, त्यामुळे पुणे बुडवताना ते पूर्ण जोरात ऐकू आलं पाहिजे.

नल किती खोल? जास्तीत जास्त आणि कमीत कमी आवाजात २० ते ३० डेसिबल, म्हणजे तीन ते पाच एस-युनिट फरक आला तर काम नीट झालं. नल फार टोकदार असतो. पाच अंश चुकलात तर २१ डेसिबलच दाबला जातो, त्यामुळे अंश-अंशाने फिरवा. १५ डेसिबलच्या आत अडकलात तर तोल बिघडलेला आहे. ओळखायची खूण ही: एक नल सापडल्यावर लूप बरोबर १८० अंश फिरवा. दुसरा नल नेमका समोर मिळाला पाहिजे. तो १६० किंवा २०० अंशावर मिळत असेल तर लूप उभ्या तारेसारखाही वागतोय. कोॲक्सची वाट, चोक आणि गँगच्या टोकांच्या लांबी या क्रमाने बघा. नल दोन्हीकडे बरोबर आहे पण उथळ आहे, तर आसपास मोठा धातू असतो: पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा, सोलर हीटर, कठड्याच्या सळया, डिशचा खांब. लूप दोन मीटर हलवून पुन्हा बघा.

फक्त १६० मीटरच ऐकायचं असेल आणि नल पुरता खोल हवा असेल तर चार वेढे द्या. इंडक्टन्स ५३ मायक्रोहेन्रीच्या आसपास जातं. मग गँगचे दोन भाग समांतर न जोडता एकामागे एक जोडा: लूपची दोन टोकं दोन स्टेटरना (स्थिर पात्यांना), रोटर कुठेच नाही. क्षमता निम्मी होते पण इथे १४० पिकोफॅरडच लागतात. फ्रेम दोन्ही टोकांपासून सारखी लांब राहते, हाताचा परिणाम जवळजवळ जातो आणि रोटरची खरखरणारी पट्टीही वाटेतून हटते. जागा आणि वेळ असेल तर ८० साठी दोन वेढ्यांचा आणि १६० साठी हा, असे दोन लूप बांधणंच शहाणपणाचं.

गोंगाट कुठून येतोय

घरचा गोंगाट आधी. रिसीव्हर बॅटरीवर चालवा आणि मेन स्विच पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर लाइट गेल्याबरोबर तो सुरू होतो आणि त्याचीच भणभण ऐकून माणूस शेजाऱ्याला दोष देतो. गल्लीची लाइट गेली तर ती वेळ वाया घालवू नका: लाइट नसताना खरखर किती उतरली, ते लिहून ठेवा. तितका गोंगाट परिसरातला.

यंत्रमागाची साधी मोटर स्वतः फारसा त्रास देत नाही. त्रास देतात वरच्या एलईडी ट्यूबचे ड्रायव्हर, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह आणि ठिणगी मारणारे जुने स्विच. गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर दिवसभर भुंकतो पण सूर्य मावळला की गप्प होतो, त्यामुळे रात्री ऐकायच्या १६० मीटरच्या दृष्टीने त्याची फार चिंता नको. दिशा शोधायला साधा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घ्या, १६०० किलोहर्ट्झच्या वर रिकाम्या जागी लावा आणि फिरवा. आतल्या फेराइट कांडीचं टोक गोंगाटाकडे झालं की आवाज बुडतो. दोन-तीन ठिकाणांहून असं करून रेषा काढल्या की घर सापडतं. एकाच दिशेचा गोंगाट लूप छान गाडतो. चारही बाजूंनी येत असेल तर लूप गच्चीच्या अशा कोपऱ्यात न्या की निदान सगळ्यात मोठा एका अंगाला राहील. गोंगाट पाच-दहा मीटरच्या आत असेल तर नल कधीच धारदार मिळत नाही, तिथे तो चार्जर बदलणं हाच इलाज.

१६० मीटर आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खरं उघडतं. नेमकं जानेवारीत होम मैदानाजवळ राहणाऱ्यांच्या नशिबी गड्ड्याच्या यात्रेची रोषणाई असते, त्या दिवसांत त्यांनी सूर्योदयाच्या आधीचा तास धरावा. मार्चअखेरपासून ढगांचा कडकडाट सुरू होतो. वळवाचं आभाळ दिसलं की कोॲक्स रिसीव्हरपासून काढून घराबाहेर ठेवायचं आणि लूप आडवा करून बांधायचा, वाऱ्यात आठ फुटी दांडा उभा राहत नाही. पहिल्या पावसानंतर वायरच्या इन्सुलेशनला ओल लागून ट्यूनिंग खाली सरकलेलं सापडेल. वाळल्यावर ते परत येतं, तोवर डायलच्या खुणा खोडू नका.